तालुक्याच्या गावात बसून रॉक संगीताचा अंक काढायचाय? मग मांडणी अशी करा

आमच्या दारव्ह्याच्या अभ्यासिकेत एक मुलगा रोज सकाळी सहाला येतो. पुढ्यात पोलीस भरतीची पुस्तकं, कानात मेटालिका. यवतमाळ जिल्ह्यात असे किती असतील, असं आम्ही चौघांनी एकदा एकमेकांना विचारलं, आणि त्या प्रश्नातूनच अंक निघाला. लिहिणारे तिघं होते. पानं लावायला कोणीच नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. तेव्हा मला लग्नपत्रिकेपलीकडे काहीही लावता येत नव्हतं. आजवर पाच अंक निघाले. पहिल्या दोन अंकांत झालेल्या चुका तुमच्या हातून होऊ नयेत, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

गाव लहान आहे म्हणून मागे हटू नका. रॉकला वाहिलेलं भारतातलं गाजलेलं मासिक ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ अमित सैगल यांनी १९९३ साली सुरू केलं, तेही मुंबईत किंवा बंगळुरात नाही, अलाहाबादेत. त्याच्याही आधी, १९७६ साली, लंडनमध्ये मार्क पेरी या तरुणानं ‘स्निफिन ग्लू’ हा पंकचा अंक टाइपरायटर, जाड पेन आणि झेरॉक्स एवढ्यावर काढला होता. आपल्याकडेही साठच्या दशकात लघुनियतकालिकं सायक्लोस्टाइलवर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढायच्या यंत्रावर निघत. साधनं थोडी असणं ही अडचण नाही. आपला अंक कोण वाचणार हे माहीत नसणं, ही खरी अडचण.

१. वाचक कोण, ते आधी कागदावर लिहा

‘तरुण वाचक’ एवढ्यावर भागत नाही. वय लिहा. आमचा वाचक १७ ते २४ वर्षांचा आहे. तो मराठी माध्यमात शिकलाय. गाणी इंग्रजीत ऐकतो, पण दोन पानांचा इंग्रजी लेख वाचायचा म्हटलं की थकतो. रॉकची मैफल त्यानं समोर बसून कधी ऐकलेली नाही. गिटार असलीच तर ती भावाची किंवा मित्राची. अंक तो वाचणार अभ्यासिकेत, एसटीत किंवा शेतातल्या खोलीत पिवळ्या बल्बखाली.

आमचे मांडणीचे अर्धे निर्णय या शेवटच्या वाक्यानं घेतले. हलत्या एसटीत बारीक अक्षर वाचवत नाही. पिवळ्या बल्बखाली फिकट राखाडी मजकूर दिसत नाही. पॅन्टच्या मागच्या खिशात दुमडून जाईल तोच अंक या पोरांच्या घरापर्यंत पोचतो.

ज्यांना बँडची नावंच माहीत नाहीत, त्यांच्यासाठी लेखाच्या कडेला एक छोटी चौकट ठेवा: बँड कुठला, कधीचा, सुरुवात कुठल्या तीन गाण्यांपासून करावी. ही चौकट प्रत्येक अंकात त्याच जागी आणि त्याच आकारात यायला हवी. नवा वाचक आधी तीच शोधतो.

२. मजकूर आधी, पानं नंतर

पहिल्या अंकाच्या वेळी मी रिकामी पानं सजवून ठेवली आणि मित्रांना म्हणालो, आता यात बसेल एवढं लिहा. असं करू नका. सगळा मजकूर एकदा जमू द्या, मग मोजा. ए-५ आकाराच्या पानावर वाचनीय अक्षरात साधारण अडीचशे ते तीनशे शब्द बसतात. त्यावरून हिशेब मांडा.

मजकूर कसला घ्यायचा हा तुमचा प्रश्न. माझं मत विचाराल तर परदेशी बँडची भाषांतरित चरित्रं कमी ठेवा, ती फोनवर मिळतात. फोनवर मिळत नाही ते द्या. आमच्या पाच अंकांत सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख होता ‘उन्हाळ्यात गिटार कशी सांभाळायची’. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी होते की अकूस्टिक गिटारचं लाकूड आकसतं, मान वाकते, कधी वरच्या फळीला चीर जाते. टिनाच्या छपराखाली गिटार उघडी टांगू नका, पेटीत ठेवा, पेटीत ओलसर स्पंज घातलेली भोकं पाडलेली साबणदाणी ठेवा, असा तो लेख. हे लिहिणारा माणूस इथलाच असावा लागतो.

दुसरा लेख होता खंजिरीवर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे खंजिरी आपल्याकडे गावोगावी पोचली. मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवात खंजिरी ऐकत वाढलेल्या पोराला ड्रमचा ठेका वेगळा शिकवावा लागत नाही. भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारे, दुर्गोत्सवात कीबोर्ड वाजवणारे, मिरवणुकीच्या धुमाल बँडमध्ये घाम गाळणारे हे सगळे तुमच्या अंकाचे लोक आहेत. कलकत्त्यात ‘मोहीनेर घोडागुली’नं सत्तरच्या दशकात बंगालीत रॉक केलं, केरळच्या ‘अवियल’नं मल्याळममध्ये केलं. मातृभाषेत रॉक होतं, हे इथल्या पोरांना आधी सांगा.

३. आकार, पानं, कागद

पानांची संख्या नेहमी चारच्या पटीत: १६, २०, २४, ३२. मधोमध पिन मारायची असेल तर याला पर्याय नाही. आमचा अंक ए-५ म्हणजे १४८ गुणिले २१० मिलिमीटर, आतली ३२ पानं आणि वर कव्हर. आतला कागद ८० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) मॅपलिथो, हा साधा, बिनचकाकीचा कागद; काळा एकच रंग. कव्हर १७० जीएसएम आर्ट पेपर, चार रंगांत.

आतला ७० जीएसएमचा कागद स्वस्त पडतो, पण मागच्या पानावरचं काळं पुढच्या पानावर दिसतं. रॉकच्या अंकात काळं भरपूर असतं. तेव्हा ८० च्या खाली उतरू नका.

पहिल्याच दिवशी आठ कोरे कागद घ्या. मधोमध दुमडून एकात एक घाला आणि पेन्सिलीनं पानांवर आकडे टाका. ही झाली तुमची ३२ पानांची डमी. कुठलं पान कुठल्या पानासमोर येतं, मधली जोडपानं कुठली (आपल्या हिशेबात १६ आणि १७), हे डोळ्यांना दिसतं. दोन पानांवर पसरलेला फोटो फक्त मधल्या जोडपानावर न तुटता बसतो, कारण तो एकच कागद असतो. बाकी कुठेही टाकलात तर गायकाचं नाक दोन कागदांत वाटलं जातं. आम्ही ते करून बसलो आहोत.

४. नाव आणि मास्टहेड

मास्टहेड म्हणजे कव्हरवर रंगवलेलं अंकाचं नाव. नाव लहान असावं. दोन-तीन अक्षरांचं मिळालं तर उत्तम. पण निवडताना एक गोष्ट बघा, जी इंग्रजी अंकवाल्यांना बघावी लागत नाही. त्यांच्या कव्हरवर गायकाचं डोकं नावाच्या अक्षरांवर चढलेलं असतं, तरी नाव वाचता येतं. आपल्याकडे डोकं खालून वर येतं आणि पहिल्यांदा उकार गिळतं. समजा नाव ठेवलंत ‘धूळ’. फोटोतल्या माणसाच्या केसांखाली दीर्घ ऊकार गेला की उरतं ‘धळ’. ‘कर्कश’ असं नाव घेतलंत तर खाली काही नाही, पण वर रफार आहे, त्यामुळे कागदाच्या वरच्या कडेपासून जास्त जागा सोडावी लागते. नाव पक्कं करण्याआधी ते जाड अक्षरात छापा, कव्हरच्या फोटोवर ठेवा आणि हाताचं अंतर सोडून बघा.

अक्षरांत अंतर टाकू नका. इंग्रजी मेटल बँडची नावं ऐसपैस पसरलेली बघून आपल्यालाही मोह होतो. देवनागरीत अक्षरं दूर केली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. शिरोरेषेला मी गिटारची ताणलेली तार समजतो. तिला जाड करा, खडबडीत करा, टोकाला लांब ओढा, पण ती तोडायची असेल तर कारण असल्याशिवाय तोडू नका.

प्रेरणा हवी असेल तर वडसा, ब्रह्मपुरीकडे जा आणि झाडीपट्टी नाटकांची पोस्टरं बघा. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की भिंती भरून जातात. जाड अक्षरं, त्याला सावली, सावलीला दुसरा रंग, दहा हातांवरून वाचता येणारं नाव. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांना लावलेला हिंगूळ बघा. तो लाल रंग आम्ही तिसऱ्या अंकाच्या कव्हरसाठी घेतला आणि तो अंक दुकानात लांबून ओळखू यायला लागला. परदेशी अंकांची कवटी आणि आगीच्या ज्वाळा उचलण्यापेक्षा हे जवळचं आहे आणि जास्त जोरकस आहे.

५. अक्षरं: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

शीर्षकासाठी आणि मजकुरासाठी वेगळे फॉन्ट घ्या. दोन पुरे, तिसरा नको. मुक्त परवान्याचे, पैसे न लागणारे आणि छापायला चालणारे चांगले देवनागरी फॉन्ट आता आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता, बालू, मोदक आणि अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे तेको, खंड, राजधानी. उंच, अरुंद, दाटीनं उभं राहणारं शीर्षक हवं तर तेको किंवा खंड. आतल्या मजकुराला मुक्ता, नाहीतर पुस्तकी वळण हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी. मोदक खूप जाड आहे, एखाद्या शब्दापुरता घ्या.

आकार: ए-५ पानावर मजकूर साडेदहा पॉइंट आणि ओळींमधलं माप पंधरा पॉइंट. इंग्रजीच्या सवयीनं बारा ठेवलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. देवनागरीला डोक्यावर आणि पायाशी, दोन्हीकडे जागा लागते.

ओळ दोन्ही बाजूंनी सरळ करू नका. मराठीत शब्द लांब होतात. ‘महाविद्यालयांमध्येसुद्धा’ हा एकच शब्द अरुंद रकान्यात अर्धी ओळ खातो, आणि बाकीच्या दोन शब्दांमध्ये बैलगाडी जाईल एवढी फट पडते. ए-५ वर एकच रकाना ठेवा, डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळा. ए-४ काढत असाल तर दोन रकाने, तीन नको.

मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा असतो. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय आपलं रूप येत नाही. वाचकाला कारण सांगता येत नाही, पण हिंदी ल बघून अंक परका वाटतो. ‘ऱ्या’ नीट येतो का तेही तपासा. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं तर डोंगराचा समुद्र होतो.

सॉफ्टवेअर: मी स्क्रायबस वापरतो. ते मोफत आहे. मात्र १.६ किंवा त्यानंतरची आवृत्तीच घ्या, जुन्या १.४ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं तुटतात. इनडिझाइन असेल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडा, नाहीतर वेलांट्या भलत्या जागी जातात. चित्रकामाला इंकस्केप आणि फोटोला गिंप, दोन्ही मोफत. फोनवरच्या कॅनव्हात इन्स्टाग्रामची पोस्ट छान होते, पण ३२ पानांचा अंक त्यात करू नका.

आणि एक वही करा. त्यात नावांची स्पेलिंगं लिहा. मेटालिका की मेटॅलिका, झेपेलिन की झेपलिन, बास की बेस. एकदा ठरवायचं आणि सगळ्यांनी तेच लिहायचं. आमच्या पहिल्या अंकात कर्ट कोबेनचं आडनाव तीन प्रकारे छापलं गेलं, आणि वाचकांची पहिली तीन पत्रं त्याबद्दलच होती.

६. काळ्यावर पांढरं: हा सापळा ओळखा

रॉक म्हटलं की काळं पान आणि पांढरी अक्षरं. मलाही तेच हवं होतं. पहिल्या अंकात सहा पानं पूर्ण काळी केली, त्यावर नऊ पॉइंटात पांढरा मजकूर. छापखान्याचे काका म्हणाले, “काळ्यावर पांढरं नोको करू बाप्पा, कागद शाई पेते.” मी ऐकलं नाही.

मॅपलिथो कागद खरंच शाई पितो आणि शाई थोडी पसरते. काळी अक्षरं त्यानं किंचित जाड होतात, पण पांढरी अक्षरं चारी बाजूंनी आत दबतात. सगळ्यात आधी मरतो तो अनुस्वार, कारण तो एवढासा टिंब. ‘बंड’ हा त्या लेखाचा उपमथळा होता. ३०० प्रतींमध्ये तो ‘बड’ छापला गेला. अभ्यासिकेतली एक मुलगी अंक घेऊन माझ्याकडे आली आणि ‘दादा, हे बड म्हणजे काय?’ असं अगदी मनापासून विचारलं. लेख चांगला होता, मित्रानं तीन आठवडे खपून लिहिला होता. माझ्या हट्टापायी तो कोणालाच नीट वाचता आला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून नियम: काळ्या पानावर फक्त शीर्षक किंवा मोठं अवतरण. अक्षर किमान चौदा पॉइंट, वजन जाड. मजकूर नेहमी पांढऱ्यावर काळा. काळेपणा हवाच असेल तर फोटोतून आणा, शीर्षकाच्या जाडीतून आणा, लेखाआधी एक पूर्ण काळं कोरं पान सोडा. ते कोरं काळं पान गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेसारखं काम करतं.

कव्हर चार रंगांत असेल तर त्यावरची बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चारही शाया मिळून केलेलं काळं मोठ्या पट्ट्याला छान दिसतं, पण बारीक अक्षराला लावलं आणि छपाईत एखादा रंग केसभर सरकला की अक्षराला लाल-निळी सावली येते.

७. फोटो

छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके लागतात. ए-५ ची पूर्ण रुंदी भरायची तर फोटो किमान १७५० पिक्सेल रुंद हवा. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो, म्हणून मित्रांना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगा. सांगितल्यावरही ते विसरतात. पुन्हा सांगा.

गॅदरिंगच्या आणि दुर्गोत्सवाच्या स्टेजवर एलईडीचे लाल-निळे दिवे असतात. फोनवर तो गडद निळा झगमगतो, पण छपाईच्या चार शायांत तो बसतच नाही, मळकट जांभळा होतो. लाल दिव्याखाली चेहऱ्याचे बारकावे जातात. अशा फोटोंना कृष्णधवल करणं हा सगळ्यात चांगला उपाय. आतली पानं एकरंगी असल्यामुळे तसंही ते करावंच लागतं. शटर सेकंदाच्या १/१२५ पेक्षा हळू ठेवू नका, गिटारवरचा हात पुसला जातो.

फोटोतल्या मुलामुलींना विचारा. अठराखालचे असतील तर आईवडिलांना विचारा. गावात अंक कोणाच्या हाती जाईल सांगता येत नाही, आणि मुलगी ड्रम वाजवते हे घरच्यांना अंकातून कळू नये. आमच्याकडे एका साध्या कागदावर सही घेतात, तेवढं पुरतं.

८. टॅब, कॉर्ड आणि क्यूआर

गिटारचे टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं) छापणार असाल तर त्या भागापुरता मोनोस्पेस फॉन्ट घ्या, म्हणजे प्रत्येक आकडा सारखीच जागा घेणारा. नाहीतर सहा तारांचे आकडे एकाखाली एक राहत नाहीत आणि वाजवणारा चुकतो. टॅबमधले आकडे आणि कॉर्डची नावं रोमन लिपीतच ठेवा. पोरं फोनवर तेच बघतात, दोन पद्धती झाल्या तर गोंधळ होतो.

प्रत्येक लेखाच्या शेवटी गाण्यांचा क्यूआर द्या. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, पांढऱ्यावर काळाच हवा, घडीवर येता कामा नये. छापून आलेल्या डमीवरून तीन वेगवेगळ्या फोननी तपासा, त्यातला एक जुना आणि काच तडकलेला असू द्या.

९. हक्क आणि नोंदणी

गूगलवर सापडलेला फोटो मोकळा नसतो. फोटोवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, गीताचे शब्द गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अख्खं गाणं भाषांतर करून छापायलाही परवानगी लागते. परीक्षणात चार ओळी उद्धृत करणं वेगळं, त्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे. बँडला थेट लिहा. भारतीय स्वतंत्र बँड फोटो आनंदानं देतात. फक्त खाली छायाचित्रकाराचं नाव टाका.

नोंदणीबद्दल खूप गैरसमज आहेत. १८६७ चा जुना प्रेस कायदा गेला. २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. ठरावीक कालावधीनं निघणाऱ्या आणि सार्वजनिक घडामोडी किंवा त्यावरचं भाष्य छापणाऱ्या नियतकालिकाला नोंदणी करावी लागते. शीर्षक आणि नोंदणी यांचा अर्ज आता एकत्रच, प्रेस सेवा पोर्टलवर होतो. त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि हरकत आहे की नाही ते कळवायला त्यांना ६० दिवसांची मुदत असते. आम्ही पहिला अंक एकदाच निघणारा म्हणून काढला आणि नियमित काढायचं ठरल्यावर अर्ज केला. तुम्हीही तसंच करा, पण दुसऱ्या अंकाची तारीख जाहीर करण्याआधी.

अर्जाला बसण्याआधी हे हाताशी ठेवा:
– प्रकाशकाचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पॅन
– संपादकाची माहिती
– छापखान्याची माहिती आणि त्यांच्याशी झालेला लेखी करार
– पसंतीक्रमानं लिहिलेली तीन-चार शीर्षकं

शीर्षकं जास्त ठेवा, कारण मराठीत तेच किंवा त्यासारखं नाव आधीच कोणाकडे असेल तर मिळत नाही. आमचं पहिलं नाव असंच गेलं, आणि तोवर मी मास्टहेड रंगवून बसलो होतो. नाव मिळाल्याशिवाय मास्टहेडवर महिना घालवू नका.

नोंदणी असो वा नसो, अंकावर संपादक, प्रकाशक, मुद्रक यांची नावं आणि पत्ता छापा.

१०. छापखान्यात जाताना

तालुक्याच्या छापखान्यात काम कोरल ड्रॉमध्ये आणि जुन्या, युनिकोड (फोन-संगणकावर सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये चालतं. तुम्ही युनिकोड मजकूर दिलात तर तो बदलून घेताना ‘ऱ्ह’, ‘क्ष’, अर्धा र यांचा भुगा होतो. एका छापखान्यात आमचं अख्खं संपादकीय असं चौकोनी टिंबांनी भरून आलं होतं. तेव्हा मजकूर देऊच नका, तयार पीडीएफ द्या, फॉन्ट आत बसवलेले. कव्हरची अक्षरं तर चित्रासारख्या आकृत्यांत (कर्व्ह्ज) बदलूनच द्या.

पीडीएफमध्ये चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाण्यासाठी पानाबाहेर सोडलेली जास्तीची छपाई हवी. कडेपासून ८ मिलिमीटरच्या आत मजकूर नको, ३२ पानांत आतली पानं कटिंगला थोडी जास्त कापली जातात.

भाव विचारताना मोघम विचारू नका. आकार, पानं, आतला कागद, कव्हरचा कागद, रंग, लॅमिनेशन, पिनिंग, प्रती हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून तीन ठिकाणी द्या. ऑफसेटमध्ये प्लेटचा खर्च १०० प्रतींना आणि १००० प्रतींना सारखाच, म्हणून थोड्या प्रती महाग पडतात. शंभराच्या आत असाल तर डिजिटल किंवा चांगली झेरॉक्स बघा. आमच्या ३०० प्रती प्रत्येकी ३८ रुपयांना पडल्या, किंमत ४० ठेवली आणि कव्हरचा खर्च जाहिरातींतून काढला.

जाहिराती मोबाईलवाला, गिटार क्लास, अभ्यासिका, कृषी केंद्र यांच्याकडून मिळतात. त्या स्वतः लावून द्या, दुकानदाराचं फ्लेक्सचं डिझाइन जसंच्या तसं घेऊ नका. एकदा अंकाच्या वळणाची जाहिरात बघितली की त्यांनाही ती आवडते. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिराती आम्ही घेत नाही. पैसे जातात, पण पोरांचा विश्वास राहतो.

आणि डमी मागा. खऱ्या कागदावर, खऱ्या मशीनवर काढलेली. पडद्यावर बघून होकार देऊ नका. डमी घेऊन उन्हात बघा, मग पिवळ्या बल्बखाली बघा, मग दुमडून खिशात घाला.

११. कधी काढायचा, कुठे ठेवायचा

पेरणीच्या दिवसांत अंक काढू नका, कोणाचंच लक्ष नसतं आणि घरात पैसाही नसतो. आमचे दोन अंक निघतात. एक नवरात्रात, एक डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा कॉलेजांची गॅदरिंगं असतात आणि कापूस घरी आलेला किंवा विकलेला असतो.

विक्रीला पहिली जागा अभ्यासिका. प्रत्येक अभ्यासिकेत एक प्रत फुकट ठेवा, त्यावर ‘वाचून इथेच ठेवा’ असा शिक्का मारा. एका प्रतीमागे चार-पाच जण विचारत येतात. दुसरी जागा कॉलेजच्या गेटजवळचं चहाचं दुकान, तिसरी सार्वजनिक वाचनालय. बाहेरगावी गठ्ठा एसटीच्या पार्सलनं पाठवतो: पुसद, दिग्रस, कारंजा. तिकडे एक एक ओळखीचा पोरगा डेपोतून उचलतो. गठ्ठ्याला वरून प्लॅस्टिक आणि वर-खाली पुठ्ठा लावा, नाहीतर सुतळीनं पहिल्या आणि शेवटच्या अंकाची कव्हरं चिरतात.

अंक आला की त्याच रात्री एक प्रत घ्या आणि लाल पेननं सगळ्या चुका त्यावर खुणा करून ठेवा, अक्षराची, जागेची, फोटोची, प्रत्येक. माझ्या पहिल्या अंकाच्या त्या प्रतीवर ११४ खुणा आहेत. पाचव्यावर एकवीस. ती प्रत आणि मूळ फायली एकाच पेटीत ठेवा. पुढच्या अंकाला बसताना मी आधी ती पेटी उघडतो.